धूर दिसला की आधी पंपाला हात नको

महोदय,

सकाळी सेल्फ खाऊन उठणारी आणि यवतेश्वरच्या चढाला काळे ढग सोडणारी जुनी डिझेल गाडी 'काढून टाका', असा सल्ला साताऱ्यात कोणत्याही कट्ट्यावर फुकट मिळतो. गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला महाग असतो : 'पंप-नोजल (डिझेल दाबाने पाठवणारा पंप आणि ते फवारणारे इंजेक्टर) करावे लागतील.' इंडिका, स्विफ्ट, फिगो अशा दहा-पंधरा वर्षे पळालेल्या गाड्यांना तेही काम कधीतरी लागते. पण ते शेवटचे. त्याआधी बघायच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि निम्म्या घरच्या अंगणात होतात.

गाडी सुरू होताना थरथरली, पांढरा धूर सोडला आणि मिनिटभरात शांत झाली, तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग, बघावेत. चार सिलिंडरला चार प्लग. वरची वायर किंवा पट्टी काढून मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या बॉडीला लावावी. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून थोडे कमी-जास्त दाखवतो; सर्किटच न दाखवणारा प्लग गेला. चारही ठीक असतील तर रिले आणि फ्यूज. जुन्या इंडिकाच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात जळते, त्यामुळे दोन प्लग गेले तरी डिसेंबरातल्या पहाटे गाडी रुसते. स्विफ्टचे इंजिन थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारते. ते एखाद-दुसऱ्या मेलेल्या प्लगवरही उठते आणि मालकाला पत्ताच लागत नाही. प्लग काढताना इंजिन कोमट असावे आणि गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारलेला असावा. जोर लावून प्लग हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

प्लग चांगले, बॅटरी चांगली, तरी रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लांबलचक सेल्फ मागते? मग बहुधा ती एअर घेते आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसलेल्या गाड्यांत डिझेल ओढून घेतले जाते, त्यामुळे लाईनला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब शोधून उपयोग नाही. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडावा आणि इंजिन चालू ठेवून बघावे. बुडबुडे दिसले की चोर सापडला : फिल्टर बदलताना चिमटलेली ओ-रिंग, पाणी काढायच्या स्क्रूचा वॉशर, नाहीतर कडक झालेला रबरी पाइप.

त्याच स्क्रूकडे पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघावे. तो सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. पाणी तळाशी बसते, मधली रेघ स्पष्ट दिसते. हे पाणी पुढे गेले तर मात्र पंप-नोजलचे बिल खरेच भरावे लागते.

आता काळा धूर. तो म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि जुन्या गाडीत बहुधा हवाच कमी असते. ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यांवर जी धूळ उडते, त्यात एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट पाहत नाही. फिल्टर नवा असूनही चढाला पिकअप जात असेल आणि बॉनेटखालून फुसफुस येत असेल, तर टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे रबरी होस चाचपावेत. चीर बहुतेक क्लिपजवळ किंवा खालच्या अंगाला असते. तेथे तेलात भिजलेली धूळ चिकटलेली दिसते. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते, म्हणून गॅरेजच्या दारात रेस करून ती सापडत नाही. यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो काजळीने अर्धा बुजतो आणि उघडाच अडकतो. काढून कार्ब क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करावा, बसवताना गॅस्केट नवे घालावे. पत्रा लावून तो कायमचा बंद करायचा 'जुगाड' काही ठिकाणी सुचवतात. तो बेकायदा तर आहेच, आजाराचे मूळही तसेच राहते.

एवढे होऊनही धूर राहिला तरच इंजेक्टर. त्यातही आधी तांब्याचा वॉशर : इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि 'चफ-चफ' आवाज असेल तर वायू तेथून निसटतो आहे. कॉमन रेल गाडीत (जिथे एकाच नळीतून चारही इंजेक्टरना जास्त दाबाचे डिझेल मिळते) चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेले डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन दोन मिनिटे आयडलला ठेवावे. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर तेवढाच इंजेक्टर तपासायला द्यावा, चारही नव्हे. मात्र एअर काढायला म्हणून इंजेक्टरच्या लोखंडी पाइपचा नट इथे कधीही सैल करू नये. ती पद्धत जुन्या पंपाच्या इंडिकाची. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीतून आत शिरते.

काटकसर कुठे करू नये, तर टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर. इंडिकाच्या १.४ इंजिनात आणि फिगोत बेल्ट आहे. तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. किलोमीटर कमी झाले तरी रबर वयाने मरते, म्हणून मागची पावती नसलेली सेकंडहँड गाडी घेतली की बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलावेत. स्विफ्टच्या १,२४८ सीसी इंजिनात चेन आहे, पण तिचे आयुष्य तेलावर. जेमतेम तीन लिटर तेलावर चालणारे इंजिन आहे, दर १० हजार किलोमीटरला तेल बदलावेच. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरूही नये. जादा तेल ब्रीदरच्या नळीतून हवेबरोबर ओढले जाऊन जळू लागले, तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही.

पीयूसीला थंड गाडी नेऊ नये. आठ-दहा किलोमीटर चालवून, तापलेल्या इंजिनावरच नळी लावून घ्यावी. बीएस-४ प्रदूषण मानकाच्या गाडीला मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराची दाटी मोजायचे एकक), त्याआधीच्या गाड्यांना ६५. काही ठिकाणी नळी न लावताच कागद हातात पडतो, तो घेऊन आपलेच नुकसान; कारण तो आकडा म्हणजे इंजिनाची नाडी आहे. मागच्या खेपेला ३० असलेला आकडा या खेपेला ४५ झाला, तर गाडी पास असली तरी फिल्टर, होस आणि ईजीआर त्याच आठवड्यात बघावेत.

– एक वाचक, सातारा