गोलकीपर घडवावा लागतो

मा. संपादक,

पॅरिस ऑलिंपिकमधले हॉकीचे कांस्यपदक गळ्यात घालून भारताचे गोलकीपर पी. आर. श्रीजेश २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि लगेच ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षाअखेर मस्कतला त्यांच्या पोरांनी पाकिस्तानला ५-३ ने हरवून ज्युनिअर आशिया चषक राखला. गोलकीपर चांगला प्रशिक्षक होतो, यात आम्हाला नवल वाटत नाही. अख्खे मैदान त्याच्यासमोर असते. कुणाचा माणूस सुटला हे आधी त्यालाच दिसते आणि ओरडून सांगावे लागते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतला पाकिस्तानकडून झालेला १-७ पराभव ज्यांच्या माथी मारला गेला, ते गोलकीपर मीर रंजन नेगीही १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाच्या वेळी गोलकीपिंग प्रशिक्षक होते.

नागपुरात मात्र अनेक शाळांत ज्याला पळता येत नाही, त्यालाच पॅड बांधतात. श्रीजेश धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल करून गोलमध्ये आले होते, हे लक्षात घ्यावे.

चुका ठरलेल्या असतात. मापापेक्षा मोठे हेल्मेट वाकताच डोळ्यांवर येते. पॅडचे बक्कल आतल्या बाजूला राहिले, तर पायात पाय अडकतात. मुरमाच्या मैदानावर चेंडू खड्यावरून उसळतो, म्हणून मूल तोंड फिरवते. ही भीती एकदा बसली की सहज जात नाही. त्यासाठी पहिले काही आठवडे स्टिक बाजूला ठेवून सहा मीटरवरून टेनिसचे वीस-वीस चेंडू हाता-पायाने अडवू द्यावेत. वजन चवड्यांवर, हात पुढे. कठीण चेंडू त्यानंतरच. बरेच गोल होतात ते परतलेल्या चेंडूवर: पोर किकरने (बुटावरच्या जाड पॅडने) सरळ समोर मारते आणि चेंडू डीमध्येच, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातच, राहतो. पाऊल तिरके करून तो साइडलाइनकडेच काढायचा. बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये समोरच्याला गोल करायला आठ सेकंद असतात. आधीच जमिनीवर आडवे पडू नये, समोरच्याला उलट्या स्टिककडे (त्याच्या डावीकडे) ढकलत वेळ खावा.

दर रविवारी सगळ्या शाळांचे गोलकीपर एका मैदानावर आणून शहरातल्या निवृत्त गोलकीपरांकडे दोन तास सोपवावेत. किट सामायिक चालेल, हातमोजे आणि हेल्मेट मात्र मापाचेच हवे. आणि उन्हाळ्यात सराव सकाळी सहाला सुरू होऊन आठच्या आत संपावा. नागपूरच्या उन्हात पूर्ण किट घालून आठनंतर मुलाला उभे करणे धोक्याचे आहे.

— शालेय हॉकीतील काही प्रशिक्षक, नागपूर