पासी ७५ म्हणजे ७५ टक्के रुग्ण नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली सोरायसिसवरील संशोधनाची बातमी वाचली. त्वचारोगांना वर्तमानपत्रात सहसा जागा मिळत नाही, तुम्ही अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. आभार मानण्यासारखे एवढेच.

‘७५ टक्के रुग्ण सोरायसिसमुक्त’ हा मथळा ज्या आकड्यावर उभा आहे, तो रुग्णांचा आकडाच नाही. बातमीत पुढे डॉक्टरांच्या तोंडी ‘पासी ७५’ असा शब्द आला आहे. पासी ही आजाराची तीव्रता मोजायची पट्टी, ० ते ७२ ची. एखाद्याने पासी ७५ गाठला म्हणजे त्या एका माणसाचा गुण सुरुवातीच्या तुलनेत निदान ७५ टक्क्यांनी उतरला. असे किती जणांच्या बाबतीत घडले हा वेगळा आकडा, आणि नेमका तोच बातमीत कुठे नाही!

गुण कसा काढतात ते पाहिले असते तर हा घोटाळा झाला नसता. शरीराचे चार भाग धरतात आणि प्रत्येकाला ठरावीक भार देतात: डोके ०.१, हात ०.२, धड ०.३, पाय ०.४. प्रत्येक भागातल्या चट्ट्यांची लाली, जाडी आणि पापुद्रे यांना ० ते ४ गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची. त्या भागाचा किती हिस्सा व्यापला आहे याला ० ते ६. मग भार, बेरीज आणि व्याप या तिन्हींचा गुणाकार, आणि चारही भागांची बेरीज. समजा, धडावर बेरीज ८ आणि व्याप ३, म्हणजे ७.२. पायांवर ७ आणि ३, म्हणजे ८.४. हातांवर ६ आणि २, म्हणजे २.४. डोक्यावर ४ आणि १, म्हणजे ०.४. एकूण १८.४. याला पासी ७५ गाठायला ४.६ पर्यंत उतरायचे आहे. उपचारानंतर धड आणि हात साफ झाले, डोके होते तसेच राहिले, आणि नडग्यांवर बेरीज ८ चे जाडजूड चट्टे उरले, पण व्याप १ वर आला, तर एकूण ३.६. झाला पासी ७५ पार! हा माणूस अजून पायांवरचे पापुद्रे झाडतो आहे आणि तुमच्या मथळ्यात तो रोगमुक्त आहे.

उलटही होते. एकाच तळहातावर सोरायसिस आहे, भेगा पडून मूठ मिटत नाही, तरी हातांचा व्याप १ च राहतो, म्हणून त्यांचा गुण २.४ च्या वर जाऊच शकत नाही. मोठ्या चाचण्यांत बहुधा १२ किंवा त्याहून जास्त पासी असलेल्यांनाच घेतात, त्यामुळे असे रुग्ण त्या आकड्यांत दिसतच नाहीत. संशोधनावर टीकाच करायची, तर इथे करायला जागा होती.

‘मुक्त’ या शब्दाबद्दलही थोडे. औषध थांबल्यावर चट्टे पुष्कळदा जुन्याच जागी उगवतात, कारण तिथल्या त्वचेत स्मृती टी-पेशी (जुना दाह लक्षात ठेवणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी) मुक्काम ठोकून असतात. आजार आटोक्यात येतो, कधी कधी पूर्ण साफ दिसतो. ‘आटोक्यात’ हा शब्द मथळ्यात बसला असता.

आता शेजारची चौकट. सोरायसिस, पेम्फिगस, कोड आणि चाई एका दावणीला बांधून ‘उपचार: स्टेरॉइडच्या गोळ्या’ असे छापले आहे. पेम्फिगसमध्ये प्रतिपिंडे त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर हल्ला करतात, फोड येतात, आणि तिथे या गोळ्या जीव वाचवतात. सोरायसिसमध्ये त्याच गोळ्या घेऊन एकदम बंद केल्या तर अंगभर पूचे फोड उठू शकतात किंवा सगळी त्वचा लाल होऊन सोलवटते. प्रतिकारशक्तीचा आजार एवढे साम्य उपचार ठरवायला पुरत नाही. शिवाय त्याच चौकटीत ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्याने’ असेही आहे. कमी कुठली, ती नको तिथे जोरात आहे म्हणून तर तिला आवरणारी औषधे देतात.

(छायाचित्रातला मधे स्वच्छ आणि कडेने उठावदार गोल चट्टा बघून तर गजकर्णाचीच आठवण होते. ते जाऊ द्या.)

पण चौकटीची शेवटची ओळ जाऊ देता येणार नाही: ‘मेथोट्रेक्सेटची गोळी रोज’. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस दगावूही शकतो. मथळ्याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. ही दुरुस्ती मात्र उद्याच, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात छापावी: ‘मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, रोज नाही.’

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ