घुबड बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण घुबडांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणीतरी भेटावं असं फार वाटतं, म्हणून चारचौघांत लिहितोय.

मला घुबडाचा जवळून फोटो हवा होता. तुम्ही कॅमेरा पिशवीतच ठेवायला लावलात आणि जखमी पक्ष्यांच्या केंद्रातल्या गव्हाणी घुबडापाशी नेलंत. पंख कायमचा अधू झाल्यामुळे त्याला परत सोडणं शक्य नव्हतं. तपासताना तुम्ही त्याच्या चेहऱ्याच्या कडेची पिसं बोटाने अलगद बाजूला केलीत आणि आत कानाचं भोक दिसलं. मग दुसऱ्या बाजूचं दाखवलंत. एक वर, एक खाली! गवतातली खसखस दोन्ही कानांत किंचित वेगळी पोहोचते आणि तेवढ्या फरकावरून हा पक्षी उंदराची जागा हेरतो. मिट्ट काळोखातही त्याची झडप चुकत नाही, हे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखवलं होतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग त्याचं गळून पडलेलं पीस हातात दिलंत. पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते, वर मऊ लव. कानाजवळून जोरात फिरवलं तरी आवाज नाही. खाणं पुढे धरल्यावर त्याने चक्क डोळे मिटले. अगदी जवळचं त्याला नीट दिसत नाही, चोचीभोवतीच्या राठ पिसांनी ते चाचपून घेतं. डोळे नळीच्या आकाराचे, खोबणीत फिरतच नाहीत, म्हणून तर मान 270 अंशांपर्यंत वळते.

आणि इथेच तुम्ही जे म्हणालात त्याने माझे फोटो बदलले. घुबड आपल्याकडे तोंड करतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान, सगळंच आपल्यावर लागलेलं असतं. सगळ्यांना हवा असतो तो थेट कॅमेऱ्यात बघणारा फोटो बहुतेक वेळा त्याची शिकार किंवा विश्रांती मोडून मिळालेला असतो. तेव्हापासून मला दुसरीकडे बघणारं घुबड जास्त आवडतं.

रानातलं शिक्षणही तुमचंच. खोडावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ, बुंध्याशी पडलेले पेलेट, म्हणजे न पचलेल्या हाडा-केसांचे घुबडाने ओकलेले गोळे, बुलबुलांचा एकाच फांदीभोवती चाललेला कलकलाट, या घुबड जवळ असल्याच्या खुणा. पिंगळा डोकं वरखाली करायला लागला की मागे सरायचं. शृंगी घुबडाने अंग आवळून, शिंगांसारखे पिसांचे तुरे ताठ करून डोळे किलकिले केले, तर ते झोपाळू नाही, घाबरून लपतंय. या अवस्थेतले फोटो लोक किती कौतुकाने दाखवतात! फ्लॅश नाही, रेकॉर्ड केलेली हाक नाही, आमिषाला उंदीर तर नाहीच. लांब लेन्स, ट्रायपॉड, शटरचा आवाज बंद, आणि बसून राहायचं. पिल्लं असलेल्या ढोलीजवळ जायचं नाही हे सांगताना तुम्ही एरिक हॉस्किंग यांचं नाव घेतलं होतंत. पक्षी-छायाचित्रणातला एवढा मोठा माणूस, पण 1937 साली घुबडाच्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला. तुमचा रोख मात्र आपल्या डोळ्यांपेक्षा घरट्याकडेच जास्त होता.

परवा संधिप्रकाशात गव्हाणी घुबड शेताच्या कडेने खालून उडत आलं. कमी उजेडामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, 6400 पर्यंत वाढवलेली, म्हणून फोटोत दाणे भरपूर, पंखांची टोकं हललेली. चेहरा खाली गवताकडे वळलेला, माझ्याकडे त्याचं लक्षच नाही. मी आजवर काढलेला हा सर्वात चांगला फोटो आहे आणि तो तुमचा आहे. जागा कुठली असं बऱ्याच जणांनी विचारलं. सांगितली नाही.

ताई, त्याच शेताच्या बांधावर सापडलेले पेलेट पाण्यात भिजवून सोडवले. बहुतेक हाडं उंदरांचीच आहेत. एक कवटी मात्र लांबट आहे, आणि उंदराला पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते तशी हिला नाही. चिचुंद्री असावी असा माझा अंदाज. डबीत कापसावर ठेवून पाठवतोय, बघून कळवा.

तुमचा,
एक विद्यार्थी