मा. आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र: तिसाव्या दिवशी तो रुग्ण कुठे असतो?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी 26 वर्षे हृदयरोग विभागात परिचारिका होते. शेवटची काही वर्षे इनचार्ज सिस्टर म्हणून वॉर्डाचे डिस्चार्ज रजिस्टर माझ्याच हातात असायचे. त्या रजिस्टरातल्या एका नोंदीपायी हे पत्र लिहीत आहे.

हृदयाचे पंपिंग फार कमी झालेले एक गृहस्थ आमच्याकडे दाखल झाले होते. दोन्ही पाय सुजलेले, आडवे झाले की जीव घुसमटायचा, त्यामुळे रात्र रात्र बसूनच काढत. 8 दिवसांत सूज उतरली, दम थांबला, ते व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. जाताना प्रत्येकाचा निरोप घेऊन गेले. मी रजिस्टरात लिहिले, ‘सुधारून घरी पाठवले.’

चारेक महिन्यांनी त्यांची मुलगी कसल्याशा दाखल्यासाठी आली, तेव्हा कळले की घरी गेल्यावर 19 व्या दिवशी ते वारले. आमच्या कार्डावर लघवी वाढवणाऱ्या गोळीपुढे ‘14 दिवस’ असे लिहिले होते. गोळ्या संपल्या. सूज दिसत नव्हती, म्हणून नव्या कोणी आणल्या नाहीत. त्यानंतर पाचव्या दिवशी मध्यरात्री पुन्हा दम लागला आणि रुग्णालय गाठेपर्यंत उशीर झाला. मुलगी मला म्हणाली, “सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो आम्ही.” ती खरेच बोलत होती. ती गेल्यावर मी रजिस्टर काढून ते पान पाहिले. तिथे ते सुधारलेलेच होते. आजही तसेच असतील.

आपल्यापुढे येणाऱ्या अहवालांत दाखल झालेले किती, अँजिओप्लास्टी किती, घरी गेलेले किती आणि मृत्यू किती, हे आकडे असतात. पण तिथे मृत्यू म्हणजे रुग्णालयाच्या आत झालेला मृत्यू. फाटकाबाहेर पडलेला माणूस हिशेबातून सुटतो. तो परत आला तर नवा रुग्ण म्हणून त्याचा नवा केसपेपर निघतो, आणि आलाच नाही तर आपण त्याला बरा झाला असे धरतो.

हार्ट फेल्युअरसारख्या, म्हणजे हृदयाचे पंपिंग कमी पडण्याच्या आजारात खरा धोका या फाटकाबाहेरच असतो. हृदय कमजोर झाले की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचते. मूत्रपिंडाला वाटते शरीरातले पाणी आटले, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी आधी वजनात दिसते, मग घोट्यांवर उतरते आणि शेवटी फुप्फुसात भरते. वॉर्डात आम्ही इंजेक्शने देऊन ते बाहेर काढतो आणि माणूस ताजातवाना दिसू लागतो. पण हृदय तेवढेच कमजोर असते आणि मूत्रपिंडाचा गैरसमजही तसाच राहतो. घरी गेल्यावर पाणी पुन्हा साठू लागते. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढले तर ती धोक्याची घंटा असते. दम लागायला अजून काही दिवस असतात. तेवढ्यात कोणी गोळीचा डोस वाढवला तर खाट लागतच नाही. पण रोज सकाळी वजन करायचे, हे रुग्णाला सांगायचे कोणी? आणि वाढले तर त्याने फोन करायचा कोणाला?

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी किती जणांना आमच्याकडे परत घेऊन आली, त्याची मोजदाद मी ठेवली नाही याचे आज वाईट वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्या घ्यायच्या नसतात. ही गोष्ट सांगायला एक मिनिट लागते, पण डिस्चार्जच्या गर्दीत तेच मिनिट राहून जाते. एका मावशींकडे एकाच औषधाच्या, दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या, एक आमची आणि एक आधीच्या डॉक्टरांची. त्या दोन्ही नेमाने घेत होत्या. नाडी 38 वर आली तेव्हा चक्कर येऊन पडल्या आणि परत आमच्याच वॉर्डात आल्या.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. 2009 साली अमेरिकेतल्या मेडिकेअर या, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास आला. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा 30 दिवसांत पुन्हा दाखल झाला होता आणि त्यात हार्ट फेल्युअरचे रुग्ण सर्वांत पुढे होते. शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन गेलेले जे 30 दिवसांत परतले, त्यांच्यापैकी निम्म्या जणांच्या बाबतीत मधल्या काळात डॉक्टरांकडे गेल्याची नोंदच सापडली नाही. केरळात त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत 2013 मध्ये 1205 रुग्ण नोंदवले गेले. त्यांतले सुमारे 45 टक्के 3 वर्षांत दगावले. अनेक कर्करोगांपेक्षा हे प्रमाण वाईट आहे, आणि तरी या आजाराचे नाव ऐकून कोणी हादरत नाही. ज्यांना ठरलेली औषधे नीट मिळाली ते जास्त जगले, हेही त्याच नोंदवहीने दाखवले. तिथे कोणीतरी घरी गेलेल्या माणसाचा माग ठेवला, म्हणूनच हे कळू शकले.

औषधांचे म्हणाल तर ती आहेत, आणि आजची नाहीत. एनालाप्रिलने गंभीर रुग्णांचे आयुष्य वाढते हे 1987 मध्येच सिद्ध झाले. बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोनचे मोठे निकाल 1999 चे आहेत. मुळात मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनचा हृदयाला होणारा फायदा 2019 मध्ये समोर आला. अडते ते पुढे. यातली बरीच औषधे थोड्या मात्रेत सुरू करून, रक्तदाब, रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहत हळूहळू वाढवायची असतात. आपण सुरुवातीच्या मात्रेवर रुग्ण घरी पाठवतो आणि तो वर्षभर त्याच मात्रेवर राहतो, कारण वाढवणारे कोणी भेटतच नाही.

ही मात्रा वेगाने वाढवली तर काय होते, हे 2022 मध्ये स्ट्राँग एचएफ या चाचणीत पाहिले गेले. 14 देशांतली 87 रुग्णालये आणि हजाराहून थोडे अधिक रुग्ण. एका गटाला घरी गेल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला बोलावून तपासले आणि दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीसारखीच ठेवली. 180 दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने पुन्हा दाखल होणे, हे नेहमीच्या गटात 23.3 टक्के आणि बोलावलेल्या गटात 15.2 टक्के निघाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. जुनीच औषधे, रक्ताच्या तपासण्या आणि ठरलेल्या दिवशी वाट पाहणारा डॉक्टर, एवढेच होते.

आणि परिचारिका म्हणून मला हेही सांगायचे आहे: 1995 साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये सत्तरी ओलांडलेल्या 282 रुग्णांवर एक प्रयोग झाला. एका गटाला परिचारिकेच्या पुढाकाराने शिकवण, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी, घरी भेटी आणि फोन. 90 दिवसांत नेहमीच्या गटातून 94 वेळा पुन्हा दाखल व्हावे लागले, या गटातून 53 वेळा. खर्चही कमी झाला. हे वाचले तेव्हा मी नोकरीत होते. आमच्याकडे रात्रपाळीला 40 खाटांमागे दोघी असायच्या. हे काम आम्हाला जमले असते, त्याला लागणारा वेळ मात्र कधीच मिळाला नाही.

महोदय, आता एक भीती. हे पत्र वाचून आपण ‘पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण अमुक टक्क्यांवर आणा’ असा आदेश काढू नये, ही कळकळीची विनंती. तसे करून झाले आहे. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने ठरवले आणि ऑक्टोबर 2012 पासून, ज्या रुग्णालयांत प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त, त्यांचे पैसे कापायला सुरुवात झाली. आधी 1 टक्का, पुढे 3 टक्क्यांपर्यंत. पुन्हा दाखल होणे कमी झालेही. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की त्याच काळात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे घरी गेल्यानंतरच्या 30 दिवसांतले मृत्यू वाढले होते. ते त्या दंडामुळेच वाढले का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मला वॉर्डातून दिसते ते एवढेच, की परतलेल्या रुग्णाला दाखल करून घेण्याची शिक्षा होणार असेल, तर दारावरचा माणूस दाखल करताना बिचकेल. वेळेवर परत आलेला रुग्ण हे अपयश नसते. ते गृहस्थ 18 व्या दिवशी परत आले असते, तर आमच्या आकड्यात एक पुन्हा दाखल वाढला असता आणि माणूस वाचण्याची आशा तरी राहिली असती.

म्हणून दोन्ही आकडे एकत्रच मोजायला हवेत, पुन्हा दाखल झालेले आणि घरी वारलेले. सोबत तिसरा रकानाही हवा: ज्यांचा पत्ताच लागला नाही ते. माझ्या मते पहिल्या वर्षी हा तिसरा रकाना सर्वांत मोठा निघेल आणि तो पाहून कोणाची कानउघाडणी होता कामा नये, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो कागदावर रिकामा दिसेल. रुग्णालयांची तुलना करायचीच तर वय, मूत्रपिंडाची अवस्था, पंपिंग किती, हे जमेस धरून करावी. सर्वांत गंभीर रुग्ण जिथे पाठवले जातात तिथे मृत्यू जास्तच दिसणार. तेवढ्यावरून त्या रुग्णालयाला नापास ठरवले, तर उद्या गंभीर रुग्णाला कोणीच दारात उभे करणार नाही.

मोजल्याने काय साधते, असे आपले सचिव विचारतील. 2014 मध्ये स्वीडन आणि ब्रिटनच्या हार्ट अटॅक नोंदवह्या शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. 2004 ते 2010 या काळात 30 दिवसांतले मृत्यू स्वीडनमध्ये 7.6 टक्के आणि ब्रिटनमध्ये 10.5 टक्के होते. स्वीडनसारखी देखभाल मिळाली असती तर ब्रिटनमध्ये 11 हजारांहून अधिक मृत्यू टळले असते, असा अंदाज त्यातून निघाला. दोन्हीकडे एकेका रुग्णाची नोंद होती म्हणून हे बोलता आले. त्याच्या शंभर वर्षे आधी, 1911 ते 1916 या काळात, बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकाने स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून गेलेल्या 337 रुग्णांचा निकाल माग काढून तपासला आणि स्वतःच्या 123 चुका छापून जाहीर केल्या. घरी गेल्यावर रुग्णाचे काय झाले, हे प्रत्येक रुग्णालयाने विचारलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही.

मला आपल्याकडून हवे ते असे. हार्ट फेल्युअर आणि हार्ट अटॅकचा प्रत्येक रुग्ण घरी जाताना पुढच्या भेटीची तारीख 7 दिवसांच्या आतली असावी आणि ती कार्डावर लिहिल्याशिवाय डिस्चार्ज पूर्ण धरू नये. त्या तारखेला ओपीडीच्या सर्वसाधारण रांगेत त्याला उभे राहावे लागू नये, कारण तो उभा राहू शकत नाही म्हणूनच तर दाखल झाला होता. कार्डावर कोणती गोळी कायमची आणि कोणती तात्पुरती, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात असावे. या रुग्णांसाठी प्रत्येक हृदयरोग वॉर्डात एक परिचारिका निराळी नेमावी, जिला रात्रपाळीची भर घालायला ओढून नेले जाणार नाही. तिच्याकडे एक फोन आणि एक रजिस्टर असावे. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि वर्षाने तिने फोन करावा. औषधांचा साठा खंडित होणार नाही हे पाहणे मात्र तिच्या हातात नाही, ते आपल्या खात्याचे काम आहे.

अ‍ॅप काढू नये, असे मी सुचवीन. 2010 मध्ये 1653 रुग्णांवर एक प्रयोग झाला होता, रोज यंत्राच्या फोनला वजन आणि लक्षणे सांगायची. पुन्हा दाखल होणे आणि मृत्यू, दोन्हींत फरक पडला नाही. आवाज ओळखीचा असला की लोक खरे सांगतात. “गोळ्या घेताय ना?” या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. “पट्टीत किती उरल्यात, मोजून सांगा” असे विचारले की खरी हकीकत बाहेर येते.

काही रुग्ण सगळे करूनही परत येतील. काहींचे हृदय थकलेलेच असते. त्यांना पुन्हा पुन्हा आयसीयूत ओढत आणण्यापेक्षा घरीच दम कमी करणारे औषध देणारे आणि घरच्यांशी खरे बोलणारे कोणी हवे. त्यांचाही रकाना वेगळा असावा.

मी निवृत्तीनंतर अशा रजिस्टराचा एक नमुना आखला आहे. एका रुग्णाला एक ओळ, 11 रकाने. शेवटच्या रकान्याचे नाव ‘तिसाव्या दिवशी कुठे’ असे आहे. आपल्या खात्यातील कोणीही कधीही बोलावले, तरी मी तो घेऊन येईन आणि भरायचा कसा हे नव्या मुलींना बसून शिकवीन.

आपली नम्र,
हृदयरोग वॉर्डातील एक निवृत्त परिचारिका