बटणाखालचं रबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी ॲनिमेवरून, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांवरून, काढलेल्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. ‘नुसती हाणामारी आणि नावावर माल खपवायचा धंदा’ असा त्याचा एकंदर सूर. लेखकमहाशयांनी यातला एकही गेम हातात धरलेला नाही, हे दुसऱ्या परिच्छेदातच कळलं. त्यांनी ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू आणि ‘नारुतो’ मालिकेचा नारुतो यांना एकाच मालिकेत घातलंय! तसे ते एका गेममध्ये खरोखर एकत्र आले होते. त्या गेमचं काय झालं, ते पुढे सांगतो.

माझं कराडात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. काही वर्षांपासून गेमचे कंट्रोलरही यायला लागलेत. स्क्रू काढले की पोरगं काय खेळतं ते बरेचदा न विचारता समजतं. गोलाची खूण असलेल्या बटणाखालच्या रबराची काळी टिकली घासून गेलेली आणि बाकीची तीन बटणं जवळपास कोरी, असं दिसलं की ‘नारुतो: अल्टिमेट निंजा स्टॉर्म’. प्लेस्टेशनवर त्यात सगळा मार त्या एका बटणावर आहे.

आणि अंगठ्याने फिरवायची ॲनालॉगची कांडी सैल झालेली असली, की मला माझंच कॉलेजचं वय आठवतं. तेव्हा गावात पीएस-टूचं, म्हणजे प्लेस्टेशन-टूचं, एक पार्लर होतं, तासाला वीस रुपये. तिथे ‘ड्रॅगन बॉल झी: बुदोकाई तेनकाइची 3’ लावायला रांग असायची. हा गेम 2007 चा. दोघांनी एकदम कामेहामेहासारखा (गोकूचा तळहातांतून सुटणारा हुकमी मारा) किरण सोडला की ते मधोमध भिडतात, आणि मग ज्याचा अंगठा जास्त जोरात कांडी गरागरा फिरवील तो जिंकतो. कार्टून नेटवर्कवर हे आम्ही हिंदीत बघितलेलं होतं: गोकू दात-ओठ खातोय, किरण इंचभर पुढे, इंचभर मागे, आणि एपिसोड तिथेच संपला. पार्लरमध्ये दात-ओठ आम्ही खायचो. अंगठ्याला फोड यायचा. शेवटी मालकाने भिंतीवर खडूने लिहिलं, ‘कांडी फिरवू नये. मोडल्यास 250 रु.’ कोणी ऐकलं नाही. चांगला गेम मी तेव्हापासून असाच ओळखतो. पडद्यावरच्या माणसाला जे करावं लागतं, ते थोडंफार आपल्या हाताला करावं लागलं पाहिजे.

यातलं सगळ्यात अवघड गणित ‘वन पंच मॅन’चं. सैतामा हा हिरोच असा, की एका ठोशात समोरचा खलास. एक घाव दोन तुकडे. त्याला कोणी कितीही मारो, ढिम्म! असल्या माणसाला घेऊन मारामारीचा गेम काढायचा कसा? 2020 मध्ये स्पाइक चुनसॉफ्ट कंपनीने काढला. त्यांनी सैतामाला उशिरा यायला लावलं. मालिकेतही तो बहुतेक वेळा उशिराच पोचतो. तुमच्या तिघांच्या टोळीत सैतामा घेतलात तर पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते, आणि तो येईपर्यंत उरलेल्या दोघांनी जीव धरून राहायचं. चांगले वार केलेत तर तो थोडा लवकर येतो. आधीच दोघं संपले तर हरलात. आला की एक ठोसा, खेळ खलास. वादळात लाइट गेल्यावर खांबाकडे डोळे लावून वायरमनची वाट बघतात ना, अगदी तसं वाटतं. बाकीचा गेम मात्र सुमार आहे. शहरभर निरोप पोचवत हिंडायचं आणि त्याच त्या फुटकळ मारामाऱ्या करायच्या. कल्पना सोन्याची, कोंदण पितळेचं.

‘अटॅक ऑन टायटन’चा ओमेगा फोर्सने केलेला 2016 चा गेम मला याहून जास्त आवडतो. कमरेचे दोर राक्षसाच्या हाता-पायात, मानेत रोवायचे, त्यांना लोंबकळत मागे जायचं आणि मानगूट कापायची. यात गॅस संपतो. पातीही बोथट होऊन तुटतात. ऐन वेळी गॅस संपला की तोंडातून जे निघतं ते तुमच्या छापील स्तंभात बसणार नाही.

आता तो एकत्र आलेला गेम. ‘शोनेन जंप’ या जपानी चित्रकथांच्या साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त 2019 मध्ये ‘जंप फोर्स’ आला. गोकू, नारुतो, ‘वन पीस’चा लुफी, सगळे एका आखाड्यात. कोणाला काय वाटलं कोण जाणे, पण चेहऱ्यांना खऱ्या माणसाची कातडी लावली आणि केस राहिले कार्टूनचेच. जत्रेतल्या प्लास्टिकच्या बाहुल्या दिसायच्या. 2022 च्या फेब्रुवारीत त्याची ऑनलाइन विक्री बंद झाली आणि ऑगस्टमध्ये बहुतेक ऑनलाइन सेवाही. तीन वर्षांत गाशा गुंडाळला. ‘नावावर माल’ हे तुमच्या लेखकाचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू आहे, ते मी नाकारत नाही.

पण त्याच्या वर्षभर आधीच आर्क सिस्टिम वर्क्सचा ‘ड्रॅगन बॉल फायटर्झी’ आला होता. तो बघाच. आकृत्या त्रिमितीय आहेत, तरी हाताने काढल्यासारख्या वाटतात. युक्ती अशी की पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलू शकतं, तरी पात्राची एकेक ढब मुद्दाम थोडी थोडी रोखून धरलेली असते. हाताने काढलेल्या ॲनिमेतही चित्रं वाचवायला हेच करतात. हालचाल लोण्यासारखी करता येत असताना तिला अडखळती ठेवायला धाडस लागतं. आणि सेल गेम्सच्या आखाड्यात गोकूच्या लेकाने, छोट्या गोहानने, सेल या खलनायकाला ठरावीक पद्धतीने शेवटचा फटका मारला, तर बाप-लेकाच्या कामेहामेहाचा मूळ प्रसंग उभा राहतो. पहिल्यांदा तो आपसूक लागला तेव्हा चाळिशीला आलेला मी दुकानात एकटा ओरडलो होतो.

भाचा सुट्टीत आला होता. मला म्हणतो, “मामा, ‘स्पार्किंग झीरो’ घ्या ना, त्यात 182 कॅरेक्टर आहेत!” हा 2024 चा, आमच्या पार्लरमधल्या गेमचाच वारसदार. मी विचारलं, तू खेळतोस किती जणांना घेऊन? बोटं मोजली त्याने. सहा. त्यातले तीन गोकूच, फक्त केसांचा रंग वेगळा. मी त्याला ‘ड्रॅगन बॉल’चाच ‘काकारोट’ हा दुसरा गेम लावून दिला. त्यात गोकू खोटी शेपटी लावून मासे धरतो आणि पिकोलो या साथीदाराबरोबर ड्रायव्हिंग लायसन काढायला जातो. जग वाचवणारा माणूस आणि गाडी शिकताना घामाघूम! मालिकेतला हा भाग ज्याने गेममध्ये ठेवला त्याला ती कळलेली आहे. भाच्याने दोन दिवस नुसते मासे धरले. मारामारी राहिली बाजूला.

तर संपादकसाहेब, दर शुक्रवारी तुम्ही चार सिनेमांना तारे वाटता, त्यातले दोन तर आमच्या थिएटरला लागतही नाहीत. महिन्यातून एकदा पाव रकाना गेमला द्या. मात्र लिहिणाऱ्याने तो आधी खेळलेला असावा. हवं तर त्याचा कंट्रोलर आमच्याकडे पाठवा, मी उघडून खात्री करून देतो.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. एका काकूंचा मिक्सर आठ दिवस माझ्याकडे पडून आहे.

आपला,
एक दुरुस्तीवाला वाचक, कराड