प्लॅटफॉर्म न बघता त्याचं सॉफ्टवेअर कसं लिहिणार?

संपादक साहेब, स. न.

समुद्रातले तेल-गॅसचे प्लॅटफॉर्म माणसं न ठेवता किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममधून चालवायचं काम आता जगभर वाढतंय आणि त्यातलं कितीतरी काम आपली पुण्यातली पोरं हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांत बसून करतायत, म्हणून हे पत्र. मी नोकरीभर इन्स्ट्रुमेंटेशनच, म्हणजे प्लांटमधल्या मोजमाप आणि कंट्रोलच्या उपकरणांचंच काम केलं. माझा याला विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. 27 जुलै 2005 ला मुंबई हायच्या बीएचएन प्लॅटफॉर्मला आग लागून 22 जण गेले. आगीच्या आधी बोटीवरच्या एका जखमी कुकला प्लॅटफॉर्मवर न्यायचं होतं, त्यासाठी बोट जवळ आणली आणि ती गॅसच्या राइझरला, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या उभ्या पाइपला धडकली, त्यातूनच आग लागली. माणसं कमी तर असल्या फेऱ्याही कमी, हे मला पटतं. नॉर्वेत ओसेबर्ग या समुद्रातल्या तेलक्षेत्रात 2018 पासून एक प्लॅटफॉर्म चालू आहे, त्यावर राहायला खोली नाही, हेलिपॅड नाही, संडाससुद्धा नाही, मेंटेनन्सला वर्षातून एक-दोनदा जायचं एवढंच.

पण तिथं रोज कोणी नसणार म्हणजे काय, हे स्क्रीनवर कळत नाही हो. खाऱ्या हवेत गॅस डिटेक्टरच्या तोंडावर मीठ धरतं, फिल्टर चोंदतो, गॅस आत पोचतच नाही आणि इकडे आकडा मस्त शून्य दिसतो, सगळं हिरवं. धोक्याच्या वेळी तेल-गॅस थांबवणाऱ्या शटडाऊन व्हॉल्व्हचं पण तसंच, त्याला उघडा धरणारी दाबाची हवा गेली की स्प्रिंगने आपोआप बंद व्हायला पाहिजे, पण महिनोन्महिने उघडाच राहिला तर जाम होतो आणि नेमक्या वेळी हलत नाही, म्हणून तो अधूनमधून थोडासा फिरवून बघायची सोय लांबून करता आली पाहिजे, आणि ती डिझाइनमध्येच पाहिजे, नंतर बसवू म्हटलं की राहूनच जातं.

अलार्मचं तर विचारूच नका. 1994 ला वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरवर 275 अलार्म येऊन आदळले. कोण काय वाचणार त्यात? आणि तिथं निदान बाहेर जाऊन बघायला माणसं तरी होती.

म्हणून कंपन्यांना आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनाही कळकळीची विनंती आहे, की अशा प्रोजेक्टवर घ्यायच्या आधी मुलामुलींना एकदा तरी साइटवर पाठवा. ऑफशोअरला परवानगी, ट्रेनिंग वगैरे अवघड असेल तर मुंबई हायचं तेल-गॅस किनाऱ्याला येतं ते उरण पुण्याहून काही लांब नाही, तिथं न्यायचा प्रयत्न करा. नुसतं कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन बघून परत आणू नका, शिफ्टच्या टेक्निशियनबरोबर फिरू द्या, आणि कुठला अलार्म तो रोज न बघताच बंद करतो आणि का, ते त्याला विचारू द्या.

एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, चिंचवड, पुणे