सस्कॅचेवन नामांकनाच्या फाइलमध्ये माझ्या नावाने भरलेली खोटी माहिती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे शाखा

विषय: कॅनडाच्या प्रांतीय नामांकन कार्यक्रमासाठी भरलेली खोटी माहिती मागे घेणे, खात्यांचा ताबा देणे आणि शुल्क परत करणे याबाबत.

महोदय,

कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातल्या रिजायना शहरात माझा कोणीही चुलतभाऊ राहत नाही. माझ्या वडिलांना एकच भाऊ आणि त्यांची दोन्ही मुलं साताऱ्यात आहेत. तरीही आपल्या इमिग्रेशन सल्लागार कंपनीने माझ्या नावाने प्रांताकडे जी इच्छानोंदणी (प्रांताने नामांकनासाठी विचार करावा म्हणून अर्जाआधी करायची, गुणांवर चालणारी नोंदणी) केली, तिच्यात ‘प्रांतात जवळचा नातेवाईक आहे’ असं लिहून त्याचे २० गुण लावून घेतले आहेत. वारंवार मागितल्यावर आपल्या कार्यालयातून त्या नोंदणीची प्रत व्हॉट्सॲपवर आली, तेव्हा मला हे समजलं. माझी तक्रार सर्वांत आधी या एका ओळीबद्दल आहे. पैशांचं त्यानंतर लिहितो.

सस्कॅचेवनच्या गुणतक्त्यात ११० पैकी किमान ६० गुण लागतात. करार करण्याआधी आपल्या सल्लागार मॅडमनी माझं वय, शिक्षण, अनुभव आणि आयईएल्ट्स या इंग्रजी परीक्षेचे बँड (गुण) मांडून ‘आरामात बसतंय’ असं सांगितलं होतं. त्या वेळी नातेवाइकाचा विषयसुद्धा निघाला नव्हता. खरंच बसत होतं तर हा भाऊ कशाला आणला? आणि बसत नव्हतं तर माझ्याकडून पैसे का घेतले?

दुसरी गोष्ट माझ्या कामाची. मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मशीन बंद पडलं की ते मी स्वतः उघडतो, माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. मी दिलेल्या अनुभवपत्रात हे स्पष्ट आहे. नोंदणीत मात्र व्यवसायाचा संकेतांक २००१० टाकला आहे, म्हणजे अभियांत्रिकी व्यवस्थापक. यांत्रिकी अभियंत्याचा संकेतांक २१३०१ आहे. विचारल्यावर फोनवर उत्तर मिळालं, “इंजिनिअर टाकलं की तिथलं लायसन मागतात, म्हणून मॅनेजर केलंय, सगळ्यांचं असंच करतो.” या ‘सगळ्यां’मध्ये माझ्यासारखी किती कुटुंबं असतील, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे आपल्याला नक्की माहीत असणार. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे अर्जात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर अर्जदार पाच वर्षांसाठी अपात्र होतो. ‘अप्रत्यक्षपणे’ यात सल्लागाराने परस्पर भरलेली माहितीही येते. म्हणजे खोटं आपण लिहिणार आणि शिक्का माझ्यावर बसणार. माझ्यासोबत जाऊ इच्छिणारी पत्नी आणि मुलगीही त्यात अडकणार. नशिबाने अजून प्रांताकडून अर्जाचं निमंत्रण आलेलं नाही. ते आलं असतं तर याच माहितीवर पुढचा पूर्ण अर्ज उभा राहिला असता.

हे सगळं मला न दिसण्याचं कारण म्हणजे दोन्ही खात्यांचे पासवर्ड आपल्याकडे आहेत. एक्सप्रेस एंट्रीची (कॅनडा सरकारच्या कुशल कामगार निवडण्याच्या ऑनलाइन पद्धतीची) प्रोफाइल आणि प्रांताचं खातं, दोन्ही आपल्या कंपनीच्या ईमेलवर उघडली आहेत. ‘ही आमची पद्धत आहे’ असं मला सांगण्यात आलं. माझ्या आयुष्याचा निर्णय ज्या खात्यात होणार, ते मी उघडूही शकत नाही, ही पद्धत मला मान्य नाही.

माझी फाइल नेमकं कोण हाताळतं, हेही मी लेखी विचारलं होतं. कॅनडाच्या कायद्यातील कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराचं प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना व वकील संस्थांच्या इतर सदस्यांना, क्युबेकच्या नोटरींना आणि इमिग्रेशन व नागरिकत्व सल्लागारांच्या कॉलेजच्या (म्हणजे सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या) सदस्यांनाच आहे. मी सदस्य क्रमांक मागितला, आपण जीएसटी क्रमांक पाठवलात.

आता पैशांबद्दल. मी एकूण १,४५,००० रुपये भरले. त्यासाठी वडिलांनी त्यांची मुदत ठेव मोडली. यातील ३५,००० रुपयांच्या पावतीवर ‘प्रांतीय नोंदणी शुल्क’ लिहिलं आहे. सस्कॅचेवन इच्छानोंदणीसाठी काहीही शुल्क घेत नाही, एक्सप्रेस एंट्रीची प्रोफाइलही मोफत आहे. मग हे पैसे कोणाकडे गेले?

करार मे २०२५ मधला आहे. ‘प्रांत माणसं शोधतोय, नामांकन शंभर टक्के, एकदा ६०० गुण मिळाले की पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) हातात’ असं मला तेव्हा सांगितलं गेलं. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे प्रांताच्या ११० गुणांहून वेगळ्या तक्त्यात, नामांकनाचे ६०० गुण मिळतात, हे खरं आहे. पण नामांकन प्रांत देतो, त्याची हमी दुसरं कोणी देऊच शकत नाही. शिवाय त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कॅनडाने प्रांतीय नामांकनाचं २०२५ चं उद्दिष्ट ५५,००० वर आणलं होतं. आधीच्या वर्षी ते १,१०,००० होतं. सस्कॅचेवनच्या वाट्याला तेव्हा ३,६२५ जागा आल्या. त्यातही तीन चतुर्थांश नामांकनं आधीच कॅनडात तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांना द्यायची अट होती. प्रांताने हे मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. चाकणमध्ये बसलेल्या, हातात नोकरीचं पत्र नसलेल्या माणसाला पैसे घेण्याआधी हे सांगणं आपलं काम होतं.

आणखी एक सांगायला हवं. ‘पीआर मिळाली की टोरोंटोला निघून जा, प्रांत फक्त शिडी असते’ असा सल्लाही आपल्याकडून मिळाला. मला सस्कॅचेवनलाच जायचं होतं. तिथल्या पोटॅशच्या (खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या) खाणींत, गिरण्यांत माझ्या कामाचा उपयोग आहे, म्हणून मी तो प्रांत निवडला होता. जो प्रांत आपल्याला बोलावतो, तिथे राहण्याचा खरा इरादा असावा लागतो, आणि माझा तो होता. तिथला उणे तीस अंशांचा हिवाळाही आम्ही घरात बसून नीट बोललो होतो.

माझ्या मागण्या अशा. नातेवाईक आणि व्यवसाय या दोन्ही खोट्या नोंदी असलेली इच्छानोंदणी तत्काळ मागे घ्यावी आणि तसं झाल्याचा पुरावा द्यावा. ती कोणी व कोणाच्या सांगण्यावरून भरली, हे कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी कळवावं. दोन्ही खात्यांचा ईमेल आणि पासवर्ड माझ्या ताब्यात द्यावा. पूर्ण १,४५,००० रुपये परत करावेत. एक्सप्रेस एंट्रीच्या प्रोफाइलमध्ये काय भरलं आहे, त्याची संपूर्ण प्रतही हवी आहे. आयईएल्ट्सचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे हे काम रेंगाळणं मला परवडणारं नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ई-जागृती पोर्टलवरून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. प्रांताला मात्र मी आजच स्वतःहून कळवत आहे, की त्या दोन नोंदी माझ्या नाहीत. त्यासाठी आपल्या उत्तराची वाट पाहणार नाही.

आपला,
करारावरील अर्जदार

सोबत: कराराची प्रत, सर्व पावत्या, अनुभवपत्र, व्हॉट्सॲपवर आलेली नोंदणीची प्रत